ती जेवून येईल

लिफ्टचं दार मिटलं आणि काहीच वाजलं नाही. आत चौघं होते, पाचवी ती. पाऊल आत ठेवताना तिचे खांदे सवयीनं वर आले होते, कान टवकारले होते, आणि ते वाक्य तोंडात तयारच होतं, "तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून." कितीतरी वर्षं ती ते हसत हसत म्हणत आली होती. ती आत शिरली की जास्तीच्या वजनानं यंत्र किरकिरायला लागायचं, आतली माणसं छताकडे, स्वतःच्या बुटांकडे, कुठंही बघायची, आणि ती पाय मागं घ्यायची. जणू लिफ्टनं नाही, तिनंच सगळ्यांना वर पाठवायचं ठरवलं होतं. आज यंत्र गप्प राहिलं. "या की, तुम्हाला कितीशी जागा लागणार," कोपऱ्यातला कुलूपकिल्लीवाला चांगुलपणानं म्हणाला आणि त्यानं आपली पेटी पायाशी ओढून घेतली. लिफ्ट वर निघाली. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी वाटलं, आपण आत आलोच नाही. आपण खालीच राहिलो, दारापाशी, हसत, सगळ्यांना पुढं पाठवत. आणि हे जे वर चाललंय, ते कुणाचं तरी दुसऱ्याचंच ओझं आहे.

घराचं दार समोरच्या काकूंनी उघडलं. तिच्या कामाच्या वेळात त्याच आईजवळ बसायच्या. त्यांनी टेबलाकडे मान वळवली. टेबलावर ताट होतं, ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं. "दोन घास खाल्ले, तेही मी मागं लागले म्हणून. बाकी सगळं झाकून ठेवलंय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणतात, माझी मुलगी येईल दमून, तिला भरपूर लागतं. मी म्हटलं, अहो, तिच्यासाठी आहे वेगळं. तर म्हणाल्या, तुम्हाला माहीत नाही तिची भूक." आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं. तिनं वळून पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, नीट, अदबीनं. "ती नाही आली अजून," आई म्हणाली. "बसा."

हे असं एकदम झालं नव्हतं. ती जशी अंगानं उतरत गेली तशी आईच्या नजरेतून निसटत गेली; आधी हनुवटीखालचा मांसाचा पट्टा, मग दंड, मग ती रुंद पाठ, जिच्यामागं आई बाजारात वाऱ्यापासून लपायची. आईची आठवण आधीच भुरभुरत होती, भिजल्या भिंतीच्या रंगासारखी; पण भिंत जागेवर होती तोवर आई हात लावून लावून तिच्यापर्यंत पोचायची. आता हात लावायला तिथं काही राहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातून ती बोलली की आई ओळखायची. "आलीस का गं," म्हणायची, आणि त्या तीन शब्दांत सगळं जुनं घर उभं राहायचं. मग आवाजामागून ती खोलीत यायची आणि आईचा चेहरा विझायचा. त्यामुळं पुष्कळदा ती दाराआडच उभी राहून बोलायची. भांडी घासताना, कांदा चिरताना, भिंतीकडे तोंड करून ती आईची मुलगी असायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला आईच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली होती. असंच चाललं तर दाखल करावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. आईचे हात बांधावे लागतील, हे त्यांनी सांगितलं नाही. ते तिला माहीत होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिनं पाहिली होती, स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळी.

पोट लहान करण्याचं ते ऑपरेशन तिनं हौसेनं करून घेतलं नव्हतं. आई न्हाणीघरात घसरली आणि लेकीला वाकता येईना. गुडघे मुडपेनात, श्वास पुरेना. मग तीही खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच, आणि दोघी ओल्या फरशीवर काकू येईपर्यंत एकमेकींना टेकून राहिल्या. आईला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. ती गुणगुणत होती. पण लेकीनं तिथंच ठरवलं. आईला उचलता यावं म्हणून तिनं स्वतःला कमी करून घेतलं. आता ती वाकू शकत होती, जिने चढू शकत होती, आईला एका हातानं उठवून बसवू शकत होती. आणि आईत उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पोट भरणं ही पूर्वी संध्याकाळ होण्यासारखी गोष्ट होती. कधी झाली ते कळायचं नाही, दिवे लागलेले दिसायचे एवढंच. आता ती भिंत होती. वाटीभर जेवण, तेही लहान मुलाच्या वाटीतलं, छोट्या चमच्यानं. प्रत्येक घास तोंडातच पाण्यासारखा होईस्तोवर चावायचा. आधी अंडं, मग जमलं तर भात. जेवताना पाणी नाही. इस्पितळातली आहार सांगणारी बाई म्हणाली होती, "भरेपर्यंत नाही थांबायचं, ताई. भरायच्या आधी थांबायचं." "पण भरत आलं हे कळायचं कसं?" तिनं विचारलं होतं. बाई जरा घुटमळली. "नाकाला पाणी येईल. उचकी लागेल एखादी. छातीच्या हाडामागं कुणी अंगठा दाबल्यासारखं होईल. पण खरं सांगू का, जो घास हे सांगायला येतो ना, तोच जास्तीचा असतो." त्या एका घासाशी ती आता रोज लपंडाव खेळायची. कधी तो बोलण्याच्या नादात यायचा, कधी नुसता दोन चावे कमी पडल्यानं. मग छातीत दगड अडकायचा, तोंडात लाळेचा फेस दाटायचा, कपाळ ओलं व्हायचं, आणि तो दगड एक तर तसूतसूनं खाली जायचा नाही तर उलटून बाहेर पडायचा. भूक मात्र पोटात नव्हतीच. ती डोळ्यांत होती, हातांत होती. हात अजून मोठ्या पळीकडे जायचे.

आणि आईचं सगळं प्रेम पळीतून यायचं. वडील लवकर गेले. घरात दोघीच. काही वर्षं अशी होती की एकीचं पोट भरेल एवढंच शिजायचं, आणि ती एक कोण हे आईनं कधीच ठरवून टाकलं होतं. लेक जेवली की मग आई बसायची, भांडं निपटून खायची, आणि काम करता करता स्वतःच रचलेलं काहीबाही म्हणायची:

भरलं ताट बाई, लेकीच्या पुढ्यात
जेवते लेक माझी, ढेकर माझ्या गळ्यात.

पुढं दिवस पालटले तरी आईनं ती रीत सोडली नाही. लेक जेवल्याशिवाय तिच्या घशाखाली काही उतरायचं नाही. लेक वाढत गेली, अंगानं वाढत गेली, लोक हसले, मुलगे बघून गेले आणि फिरकले नाहीत. आई म्हणायची, बघू देत की, माझ्या घरात उपाशी कुणी नाही हे लांबूनसुद्धा दिसतं. ती लाजायची. चिडायची. पण आईचं म्हणणं खरं होतं. तिचं अंग हे आईनं जगाला दिलेलं उत्तर होतं. ते उत्तर तिनं परस्पर पुसून टाकलं, आईला न विचारता. आणि विचारलं असतं तरी आईला ते संध्याकाळपर्यंत लक्षात राहिलं नसतं.

ती कामाला होती ती लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या चादरी तिथं येत. दिवसभर वाफ, ओल्या कापसाचा वास, आणि चादरींच्या घड्या. घडी दोघींनी घालायची: दोन टोकं तिची, दोन टकळीची. टकळी म्हणजे तिची जोडीदारीण. जीभ क्षणभर थांबली तर तिला दम लागायचा, म्हणून ते नाव. चादर ताणायची, झटकायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागं जायचं. पूर्वी जवळ आल्यावर मध्ये तिचं पोट असायचं आणि टकळी म्हणायची, "थांब गं बाई, भिंत आली." आता दोघींची बोटं थेट भिडायची. त्या दिवशी टोकं जुळवता जुळवता तिनं टकळीला सगळं सांगितलं, ताट झाकून ठेवण्याचं, नळीचं. टकळीनं आधी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "त्यांना जाडी लेक हवीय ना? मग देऊ की. तुझा जुना कोट आहे का घरात?"

कोट होता. तो टाकायला तिचा हात धजला नव्हता. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर टकळीनं तिला कपडे बदलायच्या खोलीत उभं केलं आणि मोडीत काढलेले टॉवेल गुंडाळायला घेतले. कमरेला, पोटाला, दंडांना. तोंडात टाचण्या धरून ती बोलत होती. "लोक जन्मभर पोट आत ओढतात, तू पहिली, बाहेर काढून बसलीस. हात वर कर. हं. अगं, छाती विसरलो की." दोघी हसल्या. वरून कोट चढवल्यावर ती आरशासमोर गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं. चेहरा नवा, हडकुळा, आणि खाली ती. ओळखीची. किती दिवसांनी भेटली. तिला त्या बाईच्या पोटावर हात ठेवावासा वाटला, आणि ठेवला तर तिथं टॉवेल लागले.

रस्त्यानं ती जुन्या चालीनं चालली. पाय आपोआप फाकले. बाकावर एकानं सरकून जास्त जागा करून दिली तशी नजर खाली गेली. सगळं परत आलं, लाजसुद्धा, जागच्या जागी. घरात तिनं मोठा दिवा लावला नाही. खोलीत तिन्हीसांजेचा राखी उजेड होता. ती दारात उभी राहिली, दार भरून. आईनं मान वळवली. पाहिलं. "किती गं उशीर," आई म्हणाली. "हात धू. ताट वाढते."

आई उठली. स्वतः उठली. काकूंना तिनं शेगडीजवळून बाजूला केलं, "तुम्ही सरा, मी वाढते तिला," आणि भात, बटाटा, अंडी, सगळं मोठ्या ताटात, पळीपळीनं, वर आणखी एक पळी, ती आईची नेहमीची, मोजदादीबाहेरची. मग आपलं ताट घेऊन समोर बसली आणि वाट पाहू लागली. तिनं घास घेतला. आईनं घेतला. तिनं दुसरा घेतला. आईनं घेतला. कधी नव्हे ते इतकं सोपं. आई जेवत होती. आईचा जबडा हलत होता, गळ्याची पातळ कातडी वरखाली होत होती, आणि ती ते बघण्यात इतकी गुंग झाली की आपल्या घासांचा विसर पडला. मग नाकाला पाणी आलं. तिनं कोटाच्या बाहीनं पुसलं. छातीमागं अंगठा टेकला. आईनं तिच्या हाताकडे पाहिलं, थांबलेल्या. आईचाही हात थांबला. अजून आईचं निम्मं ताट बाकी होतं. तिनं आणखी एक घास घेतला. आईनं घेतला. टॉवेलांच्या खाली घाम झिरपत होता, आणि तिला वाटलं, आतलं हे एवढंसं पोट म्हणजे आईच आहे. तिच्यात आता काही मावत नाही, आणि आपण कोंबतोय. पुढचा घास गेला नाही. तोंडात फेस उसळला. ती उठली, खुर्ची पडली, मोरीपाशी पोचेपर्यंत सगळं आलं, आणि एका टाचणीनं कुशीत टोचलं, आणि कोटाखालून एक टॉवेल निसटून पायात लोळला.

पाठीवर हात फिरत होता. आईचा. "काय झालं गं? काय झालं?" मग आईनं मोरीत पाहिलं, आणि तो हात थांबला. "माझ्या हातचं बाधलं तिला," आई काकूंना म्हणाली. अगदी शांतपणे. "काय घातलं मी त्यात?" आई ताटापाशी गेली, दोन्ही ताटं उचलली आणि कचऱ्यात रिकामी केली. त्या रात्री आई जेवली नाही, दुसऱ्या सकाळी नाही, दुपारी नाही. काकूंनी दूध पुढं केलं तर आई पेल्यात डोकावून बघायची आणि पेला दूर सारायची. "नको. त्यात काहीतरी आहे. माझी मुलगी आजारी पडली." काकू तिला फोनवर हे सांगत होत्या तेव्हा ती चादरीचं टोक हातात धरून उभी होती आणि पलीकडून टकळी ओढत नव्हती, सैल धरून होती. "उद्यापर्यंत बघू," काकू म्हणाल्या. "मग नेऊच या गं आपण. नळी तर नळी."

संध्याकाळी ती घरी आली ती स्वतःच्या कपड्यांत, होती तेवढी. काकूंना तिनं जायला सांगितलं. अंडी उकडली, भात मऊ केला, ताट वाढलं, एकच. मग दार आतून उघडून पुन्हा लावल्यासारखा आवाज केला आणि खोलीत येऊन आईसमोर उभी राहिली. तिला काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा आलं ते असं:

"तुमच्या मुलीनं पाठवलंय मला."

आईला तिनं जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तो शब्द जिभेवरून उतरताना खडबडीत लागला, न चावलेल्या घासासारखा. आईनं वर पाहिलं. पहिल्यांदाच त्या नजरेत भांबावलेपण नव्हतं. ही बाई परकी आहे आणि परकी असल्याचं सांगतेय. सगळं जागच्या जागी होतं.

"कशी आहे ती?"

"छान आहे. एकत्र काम करतो आम्ही. आज उशीर होईल तिला. म्हणाली, आईला सांग, मी जेवून येईन."

"काल उलटी झाली तिला."

"ते दुपारी बाहेरचं काहीतरी खाल्लं होतं तिनं. तुमचं नव्हे काही. आज बघा की, ठणठणीत."

आईनं हे आत घोळवलं. "आवाज तिच्यासारखाच आहे तुझा," ती म्हणाली.

"दिवसभर बरोबर असतो ना."

"जेवली म्हणतेस. कुठं जेवली?"

"आमच्यातच. एकीचा वाढदिवस होता." तिनं ताट आईपुढं सरकवलं आणि बाजूच्या खुर्चीत बसली. "बसली ती ऐसपैस. आधी सूप घेतलं, वाडगाभर. मग पाव, त्यावर लोण्याचा हा एवढा गोळा."

"लोणी आवडतं तिला." आईची बोटं भातात गेली. बारीक गोळा झाला, ओठांपर्यंत आला, थांबला. "मग?"

"मग भात. मग अंडी. आम्ही म्हटलं, बाई, दमानं. तर म्हणाली, माझ्या आईनं मला दमानं खायला शिकवलं नाही."

आई हसली. दात नसलेलं, भात दिसणारं हसू. घास गेला. "परत घेतलं?"

"दोनदा घेतलं."

"तिसऱ्यांदा विचारायचं असतं तिला. लाजते. आपणहून नाही मागत."

"विचारलं. घेतलं."

ती सांगत गेली. बटाटे कसे तळलेले होते, कडेला कुरकुरीत; केकवरचं क्रीम तिनं बोटानं कसं निपटलं; शेवटी पट्टा एक घर कसा सैल केला आणि डोळे मिटून कशी बसली, भरल्या पोटानं, उन्हात बसलेल्या मांजरासारखी. सांगता सांगता तिला ती जुनी लेक दिसायला लागली. तिचे रुंद, निवांत खांदे दिसले. तिला तिचा हेवा वाटला, आणि मग तिच्याशिवाय कसं होईल याची भीतीही वाटली. आईचा हात ताटात जात होता, येत होता. अंडं संपलं. भाताचा शेवटचा गोळा बोटानं गोळा करून आईनं तोंडात घातला, ताटाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला स्वतःहून उचलला.

"आणि तू गं?" आई म्हणाली. "तू खाल्लंस का काही?"

"खाल्लं. पोट भरलंय माझं."

आईनं तिचं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट भोवती जुळवून पाहिलं, जुळलं. "काही नाही तुझ्या अंगात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत अनोळखी लेकरासाठी येते तशी माया आली होती, मोकळी, कुणाचीच नसलेली. "जा आता. घरी तुझी आई खोळंबली असेल. तू गेल्याशिवाय जेवायची नाही ती."

ती उठली. आता जायला हवं होतं, दुसरं काही करता येत नव्हतं. तिनं ताट मोरीत ठेवलं, पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. "येते," असं ती म्हणाली. "उद्याही ये," आई म्हणाली, "तिला उशीर होणार असला तर." दार ओढून घेतल्यावर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. आतून आईच्या सपातांचा आवाज आला, इकडून तिकडे, सावकाश, जेवून शतपावली घालणाऱ्या माणसाचा. खाली कुणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या. आई झोपल्यावर किल्लीनं आत जावं लागणार होतं, आवाज न करता. तोवर तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि उद्या ती काय जेवली असेल त्याचा विचार करू लागली. रोज कुणाचा वाढदिवस कसा असेल.